भिशीच्या पैशात अंदमान

आमच्या गल्लीतल्या भिशीत वीस जणी आहेत. दर महिन्याला प्रत्येकीने तीन हजार भरायचे आणि जिची चिठ्ठी निघेल तिने साठ हजार उचलायचे. मागच्या वर्षी रमजानच्या आधीच्या महिन्यात माझी चिठ्ठी निघाली. साठ हजार रुपये एकरकमी हातात आले की भोकरदनसारख्या गावात घरातल्या बाईच्या मनात काय काय येते, ते वाचक भगिनींना सांगायला नको. मागच्या खोलीवर अजून पत्रे आहेत. लेक दहावीला होती, तिचा पुढचा प्रवेश डोळ्यांसमोर होता. मी यातले काहीच केले नाही. त्या पैशात आम्ही चौघे अंदमानला जाऊन आलो.

यावर नात्यात बरेच बोलले गेले. नणंदबाई म्हणाल्या, “समुद्र बघून पोट भरतं का, भाभी?” त्यांचे चुकले असे मी म्हणत नाही. शिलाईच्या दोन मशीनवर चालणाऱ्या घराने हॅवलॉकसारख्या महागड्या बेटाचे नाव काढणे हे मलाही आधी खुळेपणाचे वाटले होते. पण कारण होते.

माझ्या सासूबाईंना, म्हणजे अम्मांना, काचबिंदू आहे. जालन्याच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते की या आजारात गेलेली नजर परत येत नाही, थेंब टाकून राहिलेली सांभाळायची. आधी कडेचे दिसणे कमी होते. अम्मांना समोरचे दिसते, पण बाजूने कोणी आले तर कळत नाही. त्या लहान असताना त्यांचे अब्बा हजला गेले होते, मुंबईहून जहाजाने. त्या काळी हाजी जहाजानेच जद्दाला जात, ती जहाजे १९९५ साली बंद झाली. परत आल्यावर ते मुलांना सांगत, की पहाटे उठावे तरी पाणी आणि रात्री निजावे तरी पाणी, त्या पाण्याला कड म्हणून नाही. अम्मांनी हे पन्नासेक वर्षे मनात ठेवले होते. थेंब टाकताना एकदा मला म्हणाल्या, “अब्बांनी बघितलेलं पाणी एकदा बघायचं होतं.”

उमराहसाठी अम्मांची पेटी वेगळी आहे. तिला आम्ही हात लावला नाही. ती भरायला अजून वेळ लागेल, आणि डोळे तेवढे थांबतील असे वाटत नव्हते.

नुसता समुद्र पाहायचा तर अलिबाग आहे, मुरूड आहे, चार-सहा हजारांत काम होते. पण कड नसलेले पाणी पाहायचे तर जहाजात बसून दोन-तीन दिवस जायला हवे. सामान्य माणसाला परवडेल असा तो प्रवास आपल्या देशात अजून अंदमानचा आहे. चेन्नई, कोलकाता आणि विशाखापट्टणम या तीन बंदरांतून तिकडे प्रवासी जहाजे जातात. चेन्नईपासून अंतर बाराशे किलोमीटरच्या जवळपास, वेळ साधारण साठ तास. एका एजंटाने विमानाचे पॅकेज चौघांना दीड लाखाच्या पुढे सांगितले होते. जहाजाच्या बंक वर्गाचे तिकीट माणशी तीन हजारांच्या आत पडले. सगळे गणित तिथेच जमले.

आम्ही शिंपी. आमचा हंगाम रमजानचा. चाँद रातीपर्यंत मशीन थांबत नाही आणि ईद झाली की काही दिवस दुकानात माशी फिरकत नाही. लेकीची दहावीची परीक्षाही झालेली होती. अंदमानात मेपासून पावसाळा सुरू होतो, त्याआधी समुद्र बऱ्यापैकी शांत असतो. म्हणून ईदनंतरचा आठवडा धरला. जहाजाच्या तारखा रेल्वेसारख्या वर्षभराच्या ठरलेल्या नसतात. त्या थोड्याच दिवस आधी कळतात आणि पुढे-मागे होतात. त्यामुळे आधी जहाजाची तारीख, मग रेल्वेचे तिकीट, हा क्रम आम्ही ठेवला.

निघण्याच्या आदल्या रात्री लेकीने एक गोष्ट सांगितली, ती मला माहीत नव्हती. आपल्या भोकरदनचे जुने नाव भोगवर्धन. सातवाहनांच्या काळात हे व्यापाराचे मोठे गाव होते. केळणेच्या काठी झालेल्या उत्खननात इथे हस्तिदंताची एक लहान मूर्ती सापडली. अगदी तशाच घडणीची हस्तिदंती मूर्ती १९३८ साली इटलीतल्या पाँपेई शहराच्या अवशेषांत मिळाली होती. पाँपेई तर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. म्हणजे ती मूर्ती त्याआधीच समुद्र ओलांडून गेलेली. ती आपल्याच भागात घडली असावी, असे काही अभ्यासक मानतात. लेक म्हणाली, “आपल्या गावाच्या वस्तू दोन हजार वर्षांपूर्वी समुद्रापार जात होत्या, आणि आपल्या घरातून आजवर फक्त पणजोबा गेले.” यावर अम्मा खूप हसल्या.

सामानात कपडे कमी आणि खाणे जास्त होते. ज्वारीच्या कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी, लसणाचा ठेचा, खजूर, गुलगुले, चार लिंबे आणि अम्मांचे थेंब. जालन्याहून रात्रीच्या गाडीने सिकंदराबाद, तिथून दुसऱ्या रात्रीच्या गाडीने चेन्नई. मधल्या दिवसात हैदराबादला कोठीवरून रिक्षाने जाताना यांनी लेकीला जुन्या ब्रिटिश रेसिडेन्सीची इमारत दाखवली. १७ जुलै १८५७ रोजी तुर्रेबाज खान आणि मौलवी अलाउद्दीन यांनी याच रेसिडेन्सीवर हल्ला केला होता. आपले भोकरदनही तेव्हा निजामाच्या राज्यात होते. मौलवी अलाउद्दीन यांना पुढे जन्मठेप देऊन अंदमानला पाठवले, आणि ते परत आले नाहीत. तेव्हा मी ही गोष्ट नुसती ऐकली. पुढे अंदमानात ती पुन्हा आठवली.

चेन्नईत एक रात्र ट्रिप्लिकेन भागात स्वस्त लॉजवर काढली. तिथे १७९५ साली बांधलेली वालाजाह मशीद आहे, दगडी आणि ऐसपैस. मरीना किनारा चालत जाण्याएवढा जवळ. संध्याकाळी अम्मांना तिथे नेले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी समुद्रात पाय बुडवले. मला वाटले, झाले, इथूनच परत गेलो तरी चालेल. पण अम्मा गर्दीकडे, भेळेच्या गाड्यांकडे आणि डाव्या हाताला दिसणाऱ्या बंदराच्या दिव्यांकडे बघत म्हणाल्या, “इथं कड आहे.”

बंक वर्ग म्हणजे काय ते आधी माहीत असलेले बरे. जहाजाच्या पोटात एक मोठे दालन, त्यात दुमजली लोखंडी खाटा आणि सगळ्यांना मिळून संडास-बाथरूम. चादर, उशी, ताट, मग, दोरी आपले आपण न्यायचे. आमच्या आजूबाजूला बेटांवरचीच माणसे होती. कोणी चेन्नईत ऑपरेशन करून परतत होते, कोणी मुलाला कॉलेजात घालून. त्यांनी अम्मांना खालची खाट दिली आणि खाटेच्या कडेने चादर बांधून आमच्यासाठी पडदाही करून दिला. कँटीनमध्ये भात, डाळ, भाजी आणि अंडे मिळत होते. कोंबडी-मटण हलाल आहे की नाही हा प्रश्नच आम्ही काढला नाही. तीन दिवस भाकरी, डाळ आणि अंडे खाल्ले.

पहिली रात्र वाईट गेली. जहाज डुलायला लागले तशी लेक आणि मी दोघीही आडव्या झालो. पोटात काही राहीना. शेजारच्या बाईने सांगितले की खाली पडून राहू नका, वर डेकवर जा आणि लांबवर नजर लावा. जहाजावरच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. गंमत अशी की जिची काळजी करून मी झोपले नव्हते, त्या अम्मांना काहीच झाले नाही. त्या माझ्या पाठीवरून हात फिरवत बसल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी फजरनंतर यांनी अम्मांना हाताला धरून डेकवर नेले. मी मागून लिंबू चोखत गेले. किनारा नव्हता, दुसरे जहाज नव्हते, पक्षीही नव्हता. चारी बाजूंना एकसारखे निळे-काळे पाणी, आणि वर आभाळ. ज्यांना कडेचे दिसत नाही त्या माझ्या सासूबाई कठड्याला धरून एका जागी उभ्या राहिल्या आणि हळूहळू मान फिरवत, एकेका बाजूला बघत पूर्ण गोल फिरल्या. त्याला बराच वेळ लागला. मग म्हणाल्या, “अब्बा खोटं नव्हते बोलत.” पुढे काही बोलल्या नाहीत. तिथेच खुर्चीवर बसून त्यांनी तसबीह काढली.

नणंदबाईंच्या प्रश्नाचे उत्तर माझ्यापुरते मला तिथे मिळाले होते. अजून एकही बेट दिसले नव्हते आणि महागडे असे काहीच झाले नव्हते.

जहाजावर नमाजसाठी दिशा कळावी म्हणून पुरुषांनी खलाशांना विचारून घेतले. चेन्नईहून अंदमानकडे जाताना जहाजाचे तोंड पूर्वेकडे, म्हणजे किबला साधारण पाठीमागे. डेकच्या एका कोपऱ्यात आठ-दहा जणांची जमात व्हायची, त्यात तमीळ होते, मलयाळी होते, बंगाली होते. चार रकातींच्या नमाजी सफरात दोन होतात, हे लेकीने पुस्तकात वाचले होते. आता ती ते स्वतः करत होती. दुपारी उडते मासे दिसायचे. चिमण्यांच्या थव्यासारखे पाण्यातून निघायचे आणि पुन्हा आत.

चौथ्या दिवशी सकाळी हिरवे डोंगर दिसले. पोर्ट ब्लेअरचे नाव २०२४ पासून श्री विजयपुरम झाले आहे, पण तिथल्या रिक्षावाल्यापासून दुकानदारापर्यंत सगळे अजून जुनेच नाव घेतात. अंदमान-निकोबारमध्ये साडेपाचशेहून जास्त बेटे आहेत, त्यातल्या चाळिसाच्या आत बेटांवर वस्ती आहे. श्री विजयपुरम, हॅवलॉक आणि नील या नेहमीच्या ठिकाणी जायला आपल्याला वेगळा परवाना लागत नाही. भाषेची अडचण तर अजिबात नाही. सगळे हिंदी बोलतात, आणि आमच्या घरातली दखनी ऐकून लोक हसून जवळ येत होते.

अबर्डीन बाजाराजवळ पंखा असलेली चार खाटांची खोली घेतली. मालकीणबाईंनी पहिलीच सूचना दिली, “पाणी जपून वापरा, नळ रोज येत नाही.” आम्ही एकमेकांकडे बघायला लागलो. इथे वर्षाला आपल्या चौपट पाऊस पडतो, चारी बाजूंना समुद्र आहे, आणि उन्हाळ्यात नळाला पाणी दिवसाआड! गावाला मुख्यतः एका धनीखारी धरणाचे पाणी पुरते, आणि बेट लहान व उताराचे असल्याने पडलेला पाऊस लगेच समुद्रात जातो. मी म्हटले, “बाई, आम्ही भोकरदनचे आहोत. आमच्याकडे एप्रिलमध्ये टँकर येतो. पाण्याचं आम्हाला नका सांगू.” त्या दिवसापासून त्या बाई आमच्या मैत्रीणच झाल्या. शेवटच्या दिवशी त्यांनी पैसे न घेता मासळीचे कालवण दिले.

सेल्युलर जेल सगळेच पाहतात, आम्हीही पाहिले. १८९६ ते १९०६ या काळात ते बांधले गेले. मधल्या मनोऱ्यापासून सात तीन-मजली इमारती चाकाच्या आऱ्यांसारख्या फुटलेल्या होत्या, त्यातल्या तीन उरल्या आहेत. प्रत्येक इमारतीच्या कोठड्यांचे तोंड दुसरीच्या पाठीकडे, म्हणजे कैद्याला कैदी दिसू नये. लेक एका कोठडीत आत जाऊन उभी राहिली आणि लगेच बाहेर आली.

पण काळ्या पाण्याची शिक्षा या तुरुंगाच्या खूप आधी सुरू झाली होती. १८५७ च्या उठावानंतर, मार्च १८५८ मध्ये कैद्यांची पहिली तुकडी इथे उतरवली गेली. त्या काळच्या कैद्यांपैकी एक मौलाना फज्ले हक खैराबादी. मोठे आलिम, अरबीचे पंडित, मिर्झा गालिबचे स्नेही. त्यांना जन्मठेप झाली, १८५९ मध्ये इथे आणले आणि १८६१ मध्ये इथेच त्यांचे निधन झाले. उठावाची हकीकत त्यांनी कैदेत कोळशाने कापडाच्या तुकड्यांवर लिहून बाहेर पाठवली, असे सांगतात. असेही सांगतात की त्यांचा मुलगा सुटकेचा हुकूम घेऊन पोहोचला तेव्हा समोरून जनाजा येत होता. साउथ पॉइंट भागात त्यांची मजार आहे. आम्ही बसने गेलो. फार गर्दी नसते, समुद्राचा वारा मात्र सारखा असतो. फातिहा पढताना यांनी मौलवी अलाउद्दीन यांचेही नाव घेतले. कोठीवरून रिक्षाने जाताना ऐकलेली गोष्ट तेव्हा मला नीट कळली. हैदराबादहून इथवर आम्हाला पाच दिवस लागले, परतीचे तिकीट खिशात होते, आणि तरी पहिल्या रात्री मी रडकुंडीला आले होते. त्यांना ज्या जहाजात बसवले त्यात परतीचे तिकीट नव्हते.

परतीच्या बसचा वाहक मलयाळी वळणाचा हिंदी बोलत होता. त्याच्या पणजोबांना १९२१ च्या मलबारच्या बंडानंतर इथे आणले होते. त्या मोपला कैद्यांनी पुढे इथेच घरे केली आणि गावांना आपल्याकडची नावे दिली. दक्षिण अंदमानात आजही मंजेरी, तिरूर, कालिकत नावाची गावे आहेत. जुन्या कैद्यांच्या वंशजांना इथे ‘लोकल बॉर्न’ म्हणतात. कोणाचे पणजोबा पंजाबचे, पणजी बंगालची, आणि घरात बोली हिंदी. आज बेटांवर दर शंभर माणसांत आठ-नऊ मुसलमान आहेत.

आता हॅवलॉक. या बेटाचे नाव २०१८ पासून स्वराज द्वीप आहे. खर्चाचे बेट हेच. खाजगी वेगवान बोटी, काचेसारख्या पाण्यावरची रिसॉर्ट, पाण्याखाली जाऊन मासे दाखवणारे. इथे सगळे महाग असण्याचे कारणही साधे आहे. तांदळापासून सिमेंटपर्यंत बऱ्याचशा वस्तू चेन्नई-कोलकात्याहून आधी श्री विजयपुरमला आणि तिथून पुन्हा बोटीने इथे येतात. पण बेटावर शेतकरी आहेत, शाळा आहे, भाजी बाजार आहे. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांना सरकारने इथे वसवले, त्यांचीच ही वस्ती. त्यांच्यासाठी सरकारी बोट चालते. ती अडीच तासांच्या आसपास घेते आणि तिचे भाडे खाजगी बोटीच्या निम्म्याहून कमी. आम्ही तीच घेतली. जेट्टीपासून किनाऱ्याला जायला सरकारी बस आहे. जेवायला बाजारातली मासे-भाताची खानावळ. मासळी असली की हलालचा प्रश्न राहत नाही, आणि तिथे तीच सर्वांत स्वस्त.

राधानगर किनारा आम्ही दुपारी गाठला. २००४ मध्ये ‘टाइम’ मासिकाने याला आशियातला सर्वोत्तम किनारा म्हटले होते. पांढरी बारीक वाळू, मागे उंच झाडांची दाट रांग. लेक आधी पाण्यात जाईना. समोर शहरातल्या मुली वेगळ्या कपड्यांत होत्या, आणि ती सलवार-कमीज, दुपट्ट्यात. मला म्हणाली, “अम्मी, लोक बघतील.” तेवढ्यात तमिळनाडूकडच्या पाच-सहा बाया नऊवारी एवढ्याच लांब साड्या नेसून एकमेकींचे हात धरून खिदळत सरळ लाटेत गेल्या. मी लेकीचा दुपट्टा कमरेला घट्ट बांधला आणि दोघी गेलो. कोणी बघितले नाही. बघितले असेल तर आम्हाला कळले नाही.

थोड्या अंतरावर लाकडी आरामखुर्च्या होत्या. अम्मा एकीवर टेकणार तोच एक रखवालदार आला आणि म्हणाला की त्या पाहुण्यांसाठी आहेत. बोलणे सभ्य होते, तरी लेकीचा चेहरा उतरला. अम्मांनी चप्पल काढली, तिचीच उशी केली आणि वाळूवर मांडी घालून बसल्या. म्हणाल्या, “खुर्ची त्यांची, पाणी तर कोणाचं नाही ना?”

भोकरदनपेक्षा तिथे सव्वा तास आधी सूर्य मावळतो. घड्याळात साडेपाच वाजले आणि मगरिब झाली. आपल्याकडे तेव्हा लोक असरची नमाज पढून दुकानात परतत असतात. जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. नमाजच्या वेळा तिथल्या पाहाव्यात आणि फिरणे पहाटे सुरू करावे, कारण पाचच्या सुमारास उजाडते.

चूकही झाली, ती आमचीच. जाताना परतीचे बोटीचे तिकीट काढून ठेवले नाही. बेटावरच्या रहिवाशांना सरकारी बोटीत आधी जागा मिळते, आणि ते बरोबरच आहे, त्यांची ती एसटी आहे. दुसऱ्या दिवशी हे खिडकीवर गेले तर त्या दिवसाच्या जागा संपल्या होत्या. खाजगी बोटीने जायचे तर चौघांचे सहा हजार. वहीत शिल्लक फार नव्हती. शेवटी एक रात्र वाढवली आणि लेकीला कबूल केलेली काचेच्या तळाच्या बोटीची फेरी रद्द केली. ती रुसून बसली. सोळा वर्षांची मुलगी, आयुष्यात पहिल्यांदा इतक्या लांब आलेली. मला वाईट वाटले, पण पैसे नव्हते, आणि ते मी तिला स्पष्ट सांगितले.

दुसऱ्या दिवशी पहाटे खोलीच्या मालकांनी सांगितले की आता ओहोटी आहे, मागच्या किनाऱ्याला जा. विजयनगरच्या बाजूला ओहोटीत पाणी लांबवर मागे जाते आणि खडकांत डबकी उरतात. त्या डबक्यांत निळे-पिवळे बोटाएवढे मासे होते, शंख पाठीवर घेऊन पळणारे खेकडे होते, काकडीसारखा दिसणारा एक मऊ जीव होता. लेक दोन तास वाकून बघत राहिली. अम्मांना जवळचे, समोरचे चांगले दिसते. त्या तर डबक्याशी बसूनच राहिल्या. प्रवाळावर पाय द्यायचा नाही एवढेच मालकांनी बजावले होते. लेकीने एक सुंदर शंख ओढणीत बांधला होता. तिथून शंख, प्रवाळ आणायला कायद्याने मनाई आहे. निघताना तिने तो स्वतःच परत ठेवला. काचेच्या बोटीचे नाव पुन्हा निघाले नाही.

आता हिशेब, कारण अनेक भगिनी मला तोच विचारतात. चौघांचे, जाऊन-येऊन, अठरा दिवसांचे. रेल्वे ५,८००. जहाज २३,०००. हॅवलॉकची बोट ४,६००. राहणे, चेन्नईच्या दोन रात्री धरून, ९,२००. जेवण-नाश्ता ९,४००. बस-रिक्षा ३,१००. तिकिटे, औषधे, किरकोळ १,९००. एकूण ५७,०००. तीन हजार उरले. यात एक खर्च लिहिलेला नाही. दुकान अठरा दिवस बंद होते. स्वस्तात जायचे तर पैशाऐवजी दिवस द्यावे लागतात. ज्याची नोकरी अशी आहे की आठच दिवस रजा मिळते, त्याला हा मार्ग जमणार नाही. ज्याच्या घरात आजारी माणूस आहे त्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय जहाजात बसू नये. अम्मांचे आम्ही विचारले होते. आणि कर्ज काढून तर मुळीच जाऊ नये. आमचा पैसा भिशीचा होता, त्याचे उरलेले हप्ते मी अजून भरते आहे.

जे जाणार असतील त्यांनी तीन गोष्टी कराव्यात. जहाजाची तारीख नक्की झाल्याशिवाय बाकीची तिकिटे काढू नयेत. बोटीचे जाण्याचे आणि येण्याचे तिकीट एकदमच काढावे. आणि मुलांना निघण्याआधीच वही दाखवावी, की आपल्याकडे इतके आहेत, यात हे होईल, हे होणार नाही. आम्ही हे तिसरे उशिरा केले, म्हणून ते रुसणे झाले.

लेक अकरावीला गेली आहे. मागच्या खोलीवर अजून पत्रेच आहेत, पाऊस आला की आवाज होतो. अम्मांची नजर थोडी आणखी कमी झाली आहे. परवा नणंदबाई आल्या होत्या. अम्मा त्यांना जहाजावरची ती सकाळ सांगत होत्या आणि सांगता सांगता खुर्चीवर बसल्या जागी मान फिरवत, एकेका बाजूला बघत, त्यांनी पूर्ण गोल करून दाखवला. नणंदबाई काही बोलल्या नाहीत. जाताना दारात मला हळूच म्हणाल्या, “भाभी, त्या जहाजाची तारीख कुठं कळते?”